नेपच्यून बांधापलीकडे

८ जानेवारी २०२६

हेमलताअक्का,

मी पत्र लिहितोय म्हणून लगेच काही समज करून घेऊ नकोस. माझा फोन तू घेत नाहीस आणि सुलक्षणा तिचा फोन मला देत नाही. ‘बहीण तुमची, तुमचं तुम्ही निस्तरा,’ म्हणते. बायको माझी अन् बाजू नणंदेची! म्हणून मोहिनीच्या वहीतली दोन पानं फाडली आणि बसलो.

तक्रार करायची आहे. तुझ्या पेटीची.

मागच्या सोमवारी धुळ्याच्या गाडीनं सावद्याच्या स्टँडवर एक पत्र्याची पेटी उतरली. आपल्या शाळेत नवीन भूषण सर आलेत, त्यांनी मागवली होती. पेटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं, ‘आत आकाश आहे. आपटू नका.’ ते अक्षर मी रस्त्याच्या पलीकडून ओळखलं. सरांकडे मोटरसायकल, पेटी एवढी मोठी. शेवटी माझ्याच पिकअपमध्ये टाकून शाळेत नेली. आपटली नाही.

त्या दिवसापासून घरात सुख नाही. मोहिनी पाचवीत आहे, तुला माहीतच असेल. जेवायला बसलो की ती माझ्या ताटात मोहरीचा एक दाणा ठेवते. ‘पप्पा, ही पृथ्वी. हिच्यावर सावदा, मुंबई, अमेरिका, सगळं.’ मी म्हटलं, ‘आणि माझी केळी?’ तर म्हणे, ‘ती पण आहेत. पण दिसणार नाहीत.’ पंचवीस पंचवीस किलोचे घड माझे, आणि दिसणार नाहीत! सुलक्षणाच्या मसाल्याच्या डब्यातली खसखस गायब आहे, कारण मंगळ खसखशीएवढा असतो. हरभरे गेले, बोरं गेली. स्वयंपाकघरातली सूर्यमाला आता दप्तरात फिरते.

पेटीत एकतीस पुस्तकं आहेत म्हणे. छापलेली, गुळगुळीत, रंगीत. पण पोरं भांडतात ती तू हातानं लिहिलेल्या वहीसाठी. मोहिनीनं ती एका रात्रीपुरती घरी आणली. मी सहज चाळायला घेतली. आता लपवून काय करू, शेवटच्या पानापर्यंत वाचली. तू लाल भोपळ्याचा सूर्य केलास, अहिराणीत लिहिलंस, ‘सूर्य डांगरएवढा शे,’ आणि खाली रेघ मोकळी सोडलीस, ज्या गावात पेटी जाईल तिथल्या पोरांनी आपल्या बोलीत लिहायला. सोनगीरच्या पोरांनी काय काय लिहिलंय, अमळनेरच्या पोरींनी तर समासही सोडला नाही. आमच्या पोरांनी ‘शे’ वाचून आधी हसून घेतलं आणि मग खाली लिहिलं, ‘सूर्य डांगराएवढा हाये.’ आपल्याकडे मजुरीला आहेत तो वेस्ता आणि त्याची बायको चमेलीबाई, त्यांची पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. तिनं तिसरी ओळ तिच्या बोलीत लिहिली. भूषण सरांना ती वाचता येईना, तेव्हा ती उभी राहून सगळ्या वर्गाला वाचून दाखवू लागली.

हे तुला सुचलं कसं, अक्का? तीस वर्षं मास्तरकी केलीस, रिटायर झालीस, आता घरी स्वस्थ बसावं, तर ही बाई आकाश एस.टी.त घालून पाठवते!

एक शंका आहे. शनीची कडी बर्फाच्या तुकड्यांची असते असं लिहिलंयस. खरंच का? मोहिनी विचारते. मीही विचारतो.

जगदीश

२३ जानेवारी २०२६

अक्का,

उत्तर आलं नाही. नसू दे. शनीचं पेटीतल्या दुसऱ्या पुस्तकात सापडलं.

आता ऐक, तुझ्या वहीतल्या एका गोष्टीत मी सुधारणा केली आहे. तू म्हणतेस, सहा फुटांची काठी घ्या. डांगरापासून चार काठ्यांवर बुध, सातवर शुक्र, दहावर पृथ्वी, पंधरावर मंगळ, बावन्नवर गुरू, पंच्याण्णववर शनी, एकशे ब्याण्णववर युरेनस आणि तीनशे काठ्यांवर नेपच्यून. भूषण सरांनी शाळेच्या मैदानात सुरुवात केली. मंगळ होतो न होतो तोच कंपाऊंडची भिंत लागली! सर डोकं खाजवत उभे. मोहिनी म्हणाली, ‘आमचं शेत लांब आहे.’

आपला पट्टा किती लांबट आहे तुला ठाऊकच आहे. नाना म्हणायचे, शेत नाही, शेपूट आहे. सगळी पोरं काठी घेऊन बागेत आली. मी म्हटलं, ‘अरे वेड्यांनो, केळीच्या बागेत काठी कशाला? इथं ओळी आहेत. सहा फुटांवर एक ओळ. ओळी मोजा!’ अख्ख्या खान्देशात हे कुणाला सुचलं नसेल. भूषण सर तर माझ्याकडे बघतच राहिले.

रस्त्याकडच्या बांधावर डांगर ठेवलं, वीतभराहून जरा कमी, तू सांगितलंस तसं. दहाव्या ओळीत काडीच्या टोकाला डिंकानं मोहरी चिकटवली. बावन्नाव्या ओळीत गुरूचं बोर. मग शनीचं जरा लहान बोर, मग हरभऱ्याएवढा युरेनस. तीनशे ओळी मोजून झाल्या आणि दुसरा हरभरा नेमका बांधावर आला. तीनशेवी ओळ म्हणजे बागेची शेवटची ओळ. बांधापलीकडे जायची वेळ आली नाही. बरंच झालं. पलीकडे नाल्याकडच्या तुकड्यात नुसती ज्वारी आहे, तिथं पोरांना काय दाखवायचं.

पोरांच्या शर्टांना चिकाचे डाग पडलेत. केळीचा चीक काही जाता जात नाही. तीन आया माझ्या दारात भांडायला आल्या. मी म्हटलं, ‘हेमलताअक्काला विचारा.’ ‘अक्काची पेटी आहे का? मग असू दे,’ म्हणाल्या. या गावात तुझं नाव अजून चालतं.

सर अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळ्या गावाला बागेतून फिरवणार आहेत. तुला बोलवायचं म्हणतात. मी म्हटलं, पत्ता देतो. तुम्ही लिहा.

जगदीश

८ फेब्रुवारी २०२६

अक्का,

सरांना तू नम्रपणे नकार कळवलास, प्रकृती बरी नाही म्हणून. प्रकृती चांगली ठणठणीत आहे तुझी. सुलक्षणा फोनवर बोलते तेव्हा तुझा आवाज ओट्यापर्यंत येतो.

आधी काल काय झालं ते सांगतो. तुझ्या वहीत लिहिलंय ना, या मापात प्रकाशाच्या वेगानं चालायचं तर एका काठीला पन्नास सेकंद लावायचे. मला वाटलं होतं, प्रकाश म्हणजे पळत सुटायचं! काल सगळ्या पोरांनी डांगरापासून प्रकाश व्हायचं ठरवलं. पाऊल पुढे ठेवायचं आणि थांबायचं. सर घड्याळ बघतात. पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटांहून जास्त लागली. एवढी अवखळ पोरं, पण एक जण पुढे पळाला नाही. शेजारचे तोतारामभाऊ पाणी बघायला आलेले, त्यांनी हाक मारली, ‘काय रे जगू, पोऱ्हं काय करू राह्यले? नवस फेडू राह्यले का?’ मी म्हटलं, ‘प्रकाश चालू राह्यला, भाऊ.’ ते मोहरीजवळ उभे राहिले. मोहिनीनं त्यांना सांगितलं की सकाळी अंगावर पडतं ते ऊन आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेलं असतं. तोतारामभाऊंनी टोपी काढली, वर बघितलं, पुन्हा घातली. ‘बाप रे,’ एवढंच बोलले. पाणी बघायचं विसरून घरी गेले.

गुरूपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. घडांखालून वाकून, पानं बाजूला सारत सगळी वरात चाललेली. डांगर कधीच दिसेनासं झालं होतं. एका पोरानं विचारलं, ‘सर, इथून सूर्य दिसत नाही, मग गुरूला थंडी वाजत असेल?’ अक्का, तेव्हा मला तू आठवलीस. गच्चीवर मला पांघरुणात गुंडाळून तू तारे दाखवायचीस आणि मी असलेच प्रश्न विचारायचो. तू एकदाही हसली नाहीस.

रात्री मोहिनीनं विचारलं, ‘आत्या का येत नाही?’ मी म्हटलं, गुडघे दुखतात तिचे. ती म्हणाली, ‘पप्पा, आत्या डिसेंबरात सोनगीरच्या किल्ल्यावर पोरं घेऊन चढली. वहीत लिहिलंय.’ आता बोल.

म्हणून लिहितो. नानांच्या गंधमुक्तीच्या दिवशी, बापाचं सुतक फिटलं त्याच दिवशी, मी चुकलो. पंगत उठत होती, मामा, काका, सोयरे सगळे बसलेले, आणि मी तुझ्यासमोर हक्कसोडपत्र ठेवलं. वर पेन. मला काही वाटलंही नाही. सगळ्यांच्या बहिणी सही करतात, साडी घेतात, डोळे पुसतात, गाडीत बसतात. आपल्याकडे असंच चालतं. तू कागद वाचलास, पूर्ण वाचलास, आणि म्हणालीस, ‘मला जमीन नको होती, जगू. विचारलं असतंस तर उभ्या उभ्या सही केली असती.’ आणि तू चप्पल घातलीस. त्यावर मी सगळ्यांदेखत जे बोललो ते इथं लिहवत नाही. तुला आठवत असेल. या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस, असं त्यात होतं.

तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तूच हट्टी आहेस. आता तुझी वही वाचल्यावर तसं म्हणता येत नाही. जी बाई अनोळखी गावातल्या पोरीला बोलता यावं म्हणून एक ओळ मोकळी सोडते, तिला मी विचारायचंसुद्धा सोडलं.

मोहिनीनं बागेचा नकाशा काढलाय, ओळींच्या आकड्यांसकट. सोबत पाठवतो. माझ्यासाठी नाही तरी तिच्यासाठी बघ. आणि अठ्ठावीस तारखेला ये.

जगू

१९ फेब्रुवारी २०२६

अक्का,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी बहिणीनं भावाला कार्ड लिहिलं, त्यात नमस्कार नाही, खुशाली नाही. ‘जगू, तुझा शनी चुकला. मोहिनीनं लिहिलंय की पहिल्या साठ ओळी सहा फुटांवर आणि पुढच्या पाच फुटांवर आहेत. गुरूपर्यंत बरोबर. पुढचं सगळं पुन्हा मोज. काठीनं.’ संपलं!

मी ओट्यावर बसून इतका हसलो की सुलक्षणा बाहेर आली. मग मला रडू आलं, तर ती आत गेली.

काय चूक केली बघ. रस्त्याकडे टिश्यू कल्चरची रोपं लावली तेव्हा सहा फुटी ओळी धरल्या. आतली बाग नानांच्या पद्धतीची, पाच फुटी. बारा महिने त्या बागेत वावरतो मी, डोळे बांधून चालेन. पण आम्हा केळीवाल्यांना ओळ म्हणजे ओळ. रोपं मोजतो, घड मोजतो, फूट कोण मोजतं? माझ्या दहा वर्षांच्या पोरीनं नकाशात दोन्ही आकडे इमानदारीनं लिहिले, मी तोच नकाशा पाकिटात घातला आणि मला दिसलं नाही. तुला धुळ्यात बसून दिसलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असतानाही कोण खोडी काढतो ते तुला कळायचं म्हणे. खरंच असणार.

काल सर आणि पोरं काठी घेऊन आली. शनी पस्तीस फूट पुढे सरकला. युरेनस आणखी पुढे. आणि नेपच्यून बांध ओलांडून दोनशे चाळीस फूट पलीकडे गेला. नाल्याकडच्या तुकड्यात.

पोरं बांधावर थांबली. सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आज इथंच थांबू, ज्वारीत साप असतात. पोरं खट्टू होऊन परतली.

अक्का, तो तुकडा नाना तुझा म्हणायचे. ‘नाल्याकडचं हेमीचं,’ हे मी लहानपणापासून ऐकलंय. ते गेल्यापासून मी तिथं केळी लावली नाही. लोकांना सांगतो, जमीन हलकी आहे. हलकी नाही. हात धजला नाही.

आणि एक गोष्ट मागच्या पत्रातही मी लपवली. तू निघून गेलीस, सही दिली नाहीस, म्हणून मी चिडलो होतो. वारस नोंदीच्या अर्जात, प्रतिज्ञापत्रावर, मी लिहून दिलं की नानांना मी एकटाच वारस आहे. साक्षीला गावातले दोघं उभे केले. तुझं नाव लिहिलंच नाही. तू आहेस हेच लिहिलं नाही. सात-बारावर नानांच्या जागी एकट्या माझं नाव लागलं. सुलक्षणालाही हे परवापर्यंत माहीत नव्हतं. कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही.

हे वाचून तू अठ्ठावीसला येशील असं वाटत नाही. तरी लिहिलं. तुला धुळ्यात बसून शनी दिसतो, हेही आज ना उद्या दिसलंच असतं. पण ते माझ्या हातून कळावं.

जगू

६ मार्च २०२६

अक्का,

तू आली नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

पण झालं कसं ते तुला कळायला पाहिजे, कारण सगळं तुझं होतं. अठ्ठावीसला सकाळी अर्धं गाव बागेत. बाया, म्हातारी माणसं, सोसायटीचे चेअरमन, सगळे. प्रत्येक ग्रहाजवळ एक पोर तुझ्या पेटीतलं एक पुस्तक उघडून उभं. भोंग्यावर भाषण नाही, हार-तुरे नाहीत, तुला आवडलं असतं. वेस्ताची पोरगी शनीपाशी होती. बोराभोवती तिनं कागदाची चकती लावलेली. तिनं पुस्तक आधी मराठीत वाचलं आणि मग तिच्या बोलीत सांगितलं. चमेलीबाई समोर उभी होती, कमरेला विळा तसाच. पोरगी थांबली की ती म्हणे, ‘आणखी सांग.’ तीन वेळा सांगायला लावलं. मागे रांग खोळंबली, कुणी कुरकुर केली नाही. मी पंधरा वर्षं त्या बाईला हजेरीच्या वेळी बघतो, तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. अक्का, हे तुझ्या पुस्तकांनी केलं. मी केळी पिकवतो, चांगली पिकवतो, पण असं काही माझ्या हातून कधी उगवलं नाही.

मग वरात बांधावर आली. मोहिनी नेपच्यूनची काडी हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे. ती थांबली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, ‘पप्पा, पलीकडे जाऊ का? ते कोणाचं आहे?’

पोरीनं काही मनात धरून विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या पिकात विचारल्याशिवाय शिरायचं नाही, हे मीच शिकवलंय. पण मागे तोतारामभाऊ होते. गंधमुक्तीला पंगतीत बसलेले चौघं तरी होते. माझ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणारा रुपचंदही होता, तो चपलेतला काटा बघायला लागला. मी म्हटलं, ‘आत्याचं आहे. हेमलताचं.’ मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो. मोहिनी म्हणाली, ‘मग तिला विचारायला पाहिजे.’ बायांमध्ये कुणीतरी पदर तोंडाला लावला.

सुलक्षणानं तिथंच तुला फोन लावला. ते तुला माहीत आहे. पोरीनं विचारलं, ‘आत्या, तुझ्या शेतात नेपच्यून लावू का?’ तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. मोहिनीनं फोन ठेवला, ‘हो म्हणाली,’ म्हटलं आणि ज्वारीत शिरली. मला कळलं की विचारायला किती वेळ लागतो. अर्धं मिनिटसुद्धा नाही.

काल तलाठ्याकडे गेलो. अर्ज दिला की वारस नोंद चुकीची आहे, दुरुस्त करा. त्यानं जुने कागद काढले, चष्म्यावरून बघितलं. ‘तेव्हा बहीण नव्हती का?’ मी म्हटलं, ‘होती. मी लिहिली नाही.’ तो म्हणाला, ‘भाऊ, असं लोक इथं येऊन सांगत नाहीत. अंगाशी येईल.’ मी म्हटलं, ‘येऊ द्या.’ तुझं नाव नुसत्या नाल्याकडच्या तुकड्यावर नाही, सगळ्या गटावर निम्म्यानं लावा, असं लिहून दिलं. नाव माझ्या खाली लावू का, म्हणाला. म्हटलं, वर लावा, ती मोठी आहे.

आता तुला एक नोटीस येईल. सरकारी कागद आहे, घाबरू नकोस, पूर्ण वाच. तुझं नाव लावण्यावर कुणाला हरकत असेल तर पंधरा दिवसांत नोंदवता येते. तुला मी ओळखतो. तू म्हणशील, मला जमीन नको, माझं नाव काढा. पण फोनवर ते चालत नाही, पत्रावरही चालत नाही, मी विचारून घेतलंय. तिथं स्वतः जाऊन सांगावं लागतं.

तर अक्का, हरकत घ्यायला ये. चावडीत सगळ्यांसमोर उभी राहा आणि मला काय बोलायचं ते बोल, तीन वर्षांचं सगळं बोल. मी मान खाली घालून ऐकेन. सकाळी सहाच्या गाडीत बसलीस तर दुपारच्या आत पोचतेस. स्टँडवर मी पिकअप घेऊन उभा असेन, उद्यापासून पंधराही दिवस, रोज.

तुझा,
जगू